पाचव्या आठवड्यात गळणारे केस आणि दुसऱ्या ट्रान्सप्लांटची घाई

प्रश्न थोडक्यात असा: वय 27. पाच आठवड्यांपूर्वी एफयूई पद्धतीने (मागचे केस मुळांसकट एकेक पुंजका करून काढून) कपाळावरच्या भागात 2,600 ग्राफ्ट लावले. तिसऱ्या आठवड्यापासून लावलेले केस गळू लागले आणि आता पुढचा भाग ऑपरेशनच्या आधीपेक्षाही विरळ दिसतोय. अधूनमधून पुळ्या येतात, डोक्याची मागची बाजू बधिर वाटते. ट्रान्सप्लांट फसलं का? भोवऱ्याजवळही केस पातळ होत आहेत. तिथे सहा महिन्यांनी दुसरं सेशन करा, तोवर पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटची टाळूत इंजेक्शनं) घ्या, असं क्लिनिकने सुचवलंय. गोळ्यांची भीती वाटते म्हणून कुठलंच औषध सुरू नाही. आणि मोठ्या बहिणीचा भांग रुंद होत चाललाय, तिनेही ट्रान्सप्लांट करावं का?

आधी ज्या प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे त्याचं उत्तर देतो. नाही, एवढ्यावरून ट्रान्सप्लांट फसलं असं म्हणता येत नाही. तुम्ही जे वर्णन केलंय ते पाचव्या आठवड्यात बहुतेकांच्या डोक्यावर दिसतं. मी हे नुसता धीर देण्यासाठी सांगत नाही, त्यामागचं कारण समजलं तर पुढचे तीन महिने तुम्हाला बरेच सोपे जातील.

ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केसांचा, मुळांसकट काढलेला छोटा पुंजका. मागच्या भागातून तो काढला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि नव्या जागी तो पुन्हा जुळायला काही दिवस लागतात. या धक्क्याने मूळ केस वाढवायचं थांबवतं आणि विश्रांतीच्या अवस्थेत जातं. वरचा केस मग साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात सुटून पडतो. मूळ मात्र कातडीखाली जागेवरच असतं. ही विश्रांती साधारण तीन महिन्यांची असते आणि ती कुठल्याही तेलाने, सीरमने किंवा मसाजने लवकर संपवता येत नाही.

उशीवर पडलेला केस हातात घेतलात तर त्याच्या एका टोकाला पांढरट, बारीक दाणा दिसतो. तो बघून जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की मूळच उपटून आलं. तसं नसतं, तो सुटलेल्या केसाचा बुंधा असतो. ग्राफ्ट खरोखर निघाला तर त्या जागी रक्त येतं, आणि तो धोका साधारण पहिल्या दहा दिवसांपुरता असतो. त्यानंतर ग्राफ्ट कातडीत पक्का बसलेला असतो. डोकं धुताना, टॉवेल लावताना किंवा झोपेत कुशीवर वळताना तो आता निघणार नाही. त्यामुळे अजूनही डोक्याला हात लावायला घाबरत असाल तर घाबरू नका. रोज किंवा दिवसाआड सौम्य शाम्पूने नीट धुवा. न धुतलेल्या टाळूवर साठणारं तेल आणि मृत त्वचा पुळ्यांना आमंत्रणच देतात.

आता "आधीपेक्षाही विरळ" दिसतंय त्याबद्दल. लावलेल्या केसांच्या अधेमधे तुमचे मूळचे केस होते. तिथे अडीच हजारांवर बारीक छेद दिले गेले, सूज आली, भुलीचं इंजेक्शन दिलं गेलं. या सगळ्याचा ताण शेजारच्या केसांवरही येतो आणि त्यातले काही तात्पुरते गळतात. त्याला शॉक लॉस म्हणतात. यातले निरोगी केस तीन ते सहा महिन्यांत परत येतात. पण जे केस आधीच बारीक होत चालले होते, म्हणजे टक्कल पडण्याच्या प्रक्रियेत शेवटच्या टप्प्यावर होते, त्यातले काही परत येत नाहीत. तुमच्या वयात अशा केसांचं प्रमाण बरंच असू शकतं. औषध न घेता केलेल्या ट्रान्सप्लांटमध्ये ही खरी जोखीम असते आणि ती शस्त्रक्रियेआधी तुम्हाला सांगायला हवी होती.

पुढे काय दिसेल? तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पहिले केस बाहेर येऊ लागतील. ते दाट, काळे, सरळ नसतील. बारीक, थोडे वेडेवाकडे, कधी रंग उडाल्यासारखे दिसतील. समोरून आरशात दिसणारही नाहीत. खिडकीजवळ उभं राहून प्रकाश बाजूने पडू दिला तर कपाळाच्या कडेला लव आल्यासारखी दिसेल. केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे अगदी पहिल्या फळीतला, चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला उगवलेला केसही सहाव्या महिन्याच्या शेवटी तीनेक सेंटीमीटरच असणार, आणि कित्येक मुळं तर पाचव्या-सहाव्या महिन्यात जागी होतात. म्हणून सहाव्या महिन्यात अर्धवट निकाल दिसतो. पुढच्या भागाचा खरा निकाल बाराव्या महिन्यात बघायचा असतो. भोवऱ्यावर ट्रान्सप्लांट केलं असेल तर पंधरा ते अठरा महिने थांबावं लागतं. केसांची जाडी आणि पोत त्यानंतरही काही काळ सुधारत राहतो.

रोज आरशात बघणं बंद करा, असं मी सगळ्यांना सांगतो आणि कोणीच ऐकत नाही. मग निदान एवढं तरी करा: महिन्यातून एकदा, एकाच जागी, एकाच दिव्याखाली, केस कोरडे असताना आणि ओले असताना, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून फोटो काढा. वेगवेगळ्या प्रकाशात काढलेले फोटो शेजारी ठेवून लोक स्वतःला उगाच छळतात. नीट काढलेले फोटो तुमच्या डॉक्टरांच्याही कामाचे असतात. आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत काहीच उगवलं नाही, किंवा एखाद्या पट्ट्यात केस आले आणि शेजारी मोकळी जागा राहिली, तर मात्र तपासून घ्यायलाच हवं. काढताना ग्राफ्टची मुळं कापली जाणं, शरीराबाहेर ते फार वेळ राहणं किंवा सुकणं, फार दाट लावणं, संसर्ग, किंवा टाळूचा आधी न ओळखलेला आजार, अशी त्याची कारणं असतात.

पुळ्या बहुधा केस कातडीखाली अडकल्यामुळे येतात. नवा केस बाहेर यायची वाट शोधत असतो, म्हणून दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात त्या जास्त दिसतात. फोडू नका, नखाने उकरू नका. कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड दिवसातून दोन-तीनदा काही मिनिटं ठेवलं की बहुतेक बसतात. मागचा बधिरपणा कातडीतल्या बारीक नसा दुखावल्यामुळे असतो. तो जाताना मुंग्या येतात, खाज सुटते, कधी सुई टोचल्यासारखं होतं. ही नसा सावरत असल्याची लक्षणं आहेत. काही आठवडे ते काही महिने इतका वेळ त्याला लागतो.

मात्र काही लक्षणं दिसली तर वाट बघू नका: पू भरलेल्या पुळ्यांचे घोस, वाढत जाणारं दुखणं, पसरणारी लाली, ताप, किंवा टाळूवर काळसर, कडक पडलेला चकत्यासारखा भाग. शेवटचं लक्षण पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसतं. ते त्वचेला रक्त न पोहोचल्याचं चिन्ह असतं आणि सिगारेट ओढणाऱ्यांत त्याचा धोका जास्त. तुम्ही त्या काळातून सुखरूप पार पडला आहात. तरी सिगारेट ओढत असाल तर ती सुटेल तितकं बरं, कारण निकोटिन त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. व्यायाम, पोहणं, हेल्मेट यांना आता हरकत नाही. भर उन्हात मात्र तीनेक महिने टोपी घाला, नव्या कातडीवर डाग लवकर पडतात.

आता भोवऱ्याबद्दल, आणि इथे मला तुम्हाला कळकळीने थांबवायचंय.

ट्रान्सप्लांट नवे केस तयार करत नाही. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या भागातले केस टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या हार्मोनला दाद देत नाहीत, आणि जागा बदलली तरी त्यांचा हा गुण टिकतो. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1959 मध्ये हे मांडलं आणि आजची सगळी शस्त्रक्रिया त्यावर उभी आहे. पण मागचा साठा मोजका आहे. तिथून काढलेला ग्राफ्ट त्या जागी पुन्हा उगवत नाही. माणसागणिक फरक पडतो, तरी आयुष्यभरात साधारण पाच ते सात हजार ग्राफ्ट काढता येतात. त्यापुढे गेलं की मागची बाजूच कुरतडल्यासारखी दिसू लागते.

हा हिशेब जरा मांडून बघा. निरोगी टाळूवर एका चौरस सेंटीमीटरमध्ये साधारण 70 ते 100 पुंजके असतात. ट्रान्सप्लांटमध्ये आपण 40 च्या आसपास लावतो आणि तेवढ्यावर केस भरल्यासारखे दिसतात. टक्कल जर नॉरवुडच्या सात टप्प्यांच्या मोजपट्टीवर सहाव्या टप्प्यापर्यंत गेलं, तर उघडी पडणारी जागा 200 चौरस सेंटीमीटरच्या घरात असते. 40 च्या दराने तिला 8,000 ग्राफ्ट लागतील. तुमचे 2,600 आताच वापरून झाले. तुमचं टक्कल सहाव्या टप्प्यापर्यंत जाईलच असं नाही, पण 27 व्या वर्षी भोवरा विरळ व्हायला लागलाय, म्हणजे प्रक्रिया जोरात सुरू आहे. घरात वडील, काका, मामा, आजोबा यांच्या डोक्यांकडे बघा, थोडा अंदाज येईल.

भोवरा हा ग्राफ्ट खाणारा भाग आहे. पुढच्या भागात केस एकाच दिशेने पडतात आणि एकावर एक येऊन टाळू झाकतात. भोवऱ्यात ते मध्यापासून चारी दिशांना फाकतात, म्हणून तितक्याच ग्राफ्टमध्ये तिथे कमी झाकलं जातं. आणि आज तिथल्या विरळ जागेवर केस लावले, मग भोवतीचे तुमचे मूळचे केस पुढच्या दहा वर्षांत गेले, तर मधोमध केसांचं एक बेट उरतं आणि सभोवती टकलाचं कडं. ते भरायला मागे साठा शिल्लक नसतो. अशी डोकी मी बघतो. त्या माणसांना देण्यासारखं आमच्याकडे फार थोडं असतं, आणि त्यातले बरेच जण विशीत एकापाठोपाठ एक सेशन करून घेतलेले असतात.

यातली चांगली गोष्ट अशी की औषधं नेमकी भोवऱ्यावर सगळ्यात चांगली चालतात. शस्त्रक्रियेचं कसब पुढच्या भागात जास्त दिसतं, औषधाचं मागे. म्हणजे तुम्हाला दुसरं सेशन जिथे सुचवलंय तिथेच औषधाला आधी संधी द्यायला हवी.

टकलावरच्या गोळीची, म्हणजे फिनास्टेराइडची, भीती मी समजू शकतो, तिची थट्टा करणार नाही. हे औषध आधी 1992 मध्ये वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी 5 मिलिग्रॅमच्या मात्रेत आलं, आणि 1997 मध्ये पुरुषांच्या टकलासाठी 1 मिलिग्रॅमच्या मात्रेत अमेरिकेत मंजूर झालं. ते टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी होणं रोखतं. दोन वर्षांच्या चाचण्यांत हे औषध घेणाऱ्या सुमारे 83 टक्के पुरुषांच्या भोवऱ्यावरचे केस टिकले किंवा वाढले. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 28 टक्के होतं. लैंगिक तक्रारी, म्हणजे इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी होणं, औषध घेणाऱ्यांत 3.8 टक्के आणि साखरेच्या गोळीवर 2.1 टक्के जणांत नोंदल्या गेल्या. बहुतेकांत गोळी थांबवल्यावर त्या गेल्या. थांबवल्यानंतरही तक्रारी टिकल्याचं सांगणारे रुग्ण आहेत, आणि त्यांना मी खोटं पाडत नाही. उदासी आणि आत्महत्येचे विचार यांबद्दलचा इशाराही औषधाच्या माहितीपत्रकात आहे. तुम्हाला आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. मूल होण्याचा विचार असेल तर तेही सांगा. गोळी सुरू असताना रक्तदान करू नका, कारण ते रक्त गर्भवती स्त्रीला दिलं जाऊ शकतं आणि पोटातल्या मुलग्याच्या वाढीला त्याने अपाय होऊ शकतो. प्रोस्टेटच्या पीएसए या रक्तचाचणीचा आकडा या गोळीने जवळजवळ निम्मा होतो, हे पुढे चाळिशी-पन्नाशीत तपासणी कराल तेव्हा डॉक्टरांना सांगायचं लक्षात ठेवा.

हे सगळं वाचूनही नको वाटलं तर ते तुमचं मत आहे आणि ते मान्य आहे. पण मग शस्त्रक्रियेचा बेतही त्या हिशेबाने आखायला हवा: पुढचा भाग राखायचा, भोवरा सोडून द्यायचा. गोळी नको आणि भोवराही भरून हवा, या दोन्ही गोष्टी एकत्र बसणं अवघड आहे.

मिनॉक्सिडिल हा वेगळा मार्ग. ते मुळात रक्तदाबाचं औषध होतं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले, म्हणून त्याचं लोशन तयार झालं आणि 1988 मध्ये पुरुषांसाठी मंजूर झालं. ते डीएचटीला हात लावत नाही, केसाचा वाढीचा काळ लांबवतं. 5 टक्क्यांचं लोशन किंवा फोम दिवसातून दोनदा लावायचा असतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जुने केस झडतात, त्याला घाबरून बरेच जण तिथेच सोडतात. निदान सहा महिने द्या. सोडलं तर मिळवलेलं काही महिन्यांत जातं. घरात मांजर असेल तर लावलेल्या डोक्यापासून आणि उशीच्या अभ्र्यापासून तिला दूर ठेवा, हे औषध मांजरांना जीवघेणं ठरू शकतं. कमी मात्रेतली मिनॉक्सिडिलची गोळीही आता बऱ्याच ठिकाणी दिली जाते. पाय सुजणं, छातीत धडधडणं, चेहऱ्यावर आणि अंगावर लव वाढणं हे तिचे त्रास आहेत. हृदयाची तक्रार असलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. लोशन तुम्ही आता सुरू करू शकता, टाळू भरून आलेली आहे. फक्त तुमच्या सर्जनला विचारून घ्या आणि लावल्यावर लाली किंवा खाज वाढली तर थांबा.

पीआरपीत तुमचंच रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचतात. काही अभ्यासांत केसांची संख्या थोडी वाढलेली दिसते, काहींत दिसत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी बनवायची पद्धत वेगळी. परवडत असेल आणि जोडीला औषध सुरू असेल तर करायला माझी ना नाही. पण औषधाऐवजी पीआरपी हा सौदा मी तुमच्या जागी असतो तर केला नसता. ते टकलाच्या मूळ कारणावर काम करत नाही आणि पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. लेझरच्या टोप्या आणि कंगवे यांबद्दलही जवळपास हेच म्हणेन, फक्त त्यात सुया नसतात.

टाळूवर रंगाचे बारीक ठिपके गोंदण्याची पद्धत मात्र जितकी वापरायला हवी तितकी वापरली जात नाही. भोवऱ्यातली कातडी गडद झाली की विरळपणा एकदम कमी दिसतो आणि एकही ग्राफ्ट खर्च होत नाही. करणारा हात चांगला हवा, नाहीतर काही वर्षांनी ठिपके निळसर पडतात. केसांना चिकटणारी पावडर लग्नकार्याला, मुलाखतीला उत्तम काम देते, तीही आता तुम्ही वापरू शकता, फक्त रात्री धुऊन टाका.

म्हणून माझा सल्ला: सहाव्या महिन्याची तारीख घेऊ नका. एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून, शक्यतो ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याशी संबंध नसलेल्या, ट्रायकोस्कोपने टाळू बघून घ्या. या भिंगाखाली शेजारशेजारचे केस वेगवेगळ्या जाडीचे दिसतात तेव्हा कुठवर ऱ्हास पोहोचलाय ते कळतं. हीच तपासणी मागच्या डोनर भागाचीही, म्हणजे जिथून ग्राफ्ट काढतात तिथली, करायला सांगा. तिथले केसही बारीक होत असतील तर पुढचं कुठलंही ट्रान्सप्लांट टिकणार नाही. औषधाने निदान एक वर्ष केस स्थिर ठेवून दाखवले, पुढच्या भागाचा निकाल समोर आला, की मग दुसऱ्या सेशनचा विचार. तेव्हा सर्जनला विचारा की डोनरमध्ये किती ग्राफ्ट उरलेत, ग्राफ्ट काढायचं आणि छेद द्यायचं काम ते स्वतः करणार की तंत्रज्ञ, आणि माझं टक्कल आणखी पुढे गेलं तर तुमचा बेत काय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही तर उठून या.

बहिणीबद्दल. स्त्रियांचे केस बहुधा सगळीकडूनच विरळ होतात, मागची बाजूही त्यात येते, त्यामुळे पुष्कळ जणींकडे ट्रान्सप्लांटला लागणारा भक्कम डोनरच नसतो. तिने आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावं. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर हार्मोनही. बाळंतपण, मोठं आजारपण, तापाने अंथरूण धरणं किंवा झपाट्याने वजन उतरवणं यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात आणि ते बहुतेक वेळा आपोआप भरून येतात. भांगाच्या कडेला लाली, खवले, जळजळ किंवा मुळांची भोकंच बुजल्यासारखी गुळगुळीत कातडी असेल तर तो व्रण पाडणारा आजार असू शकतो. त्यात केस लावले तर तेही जातात, आणि उपचाराला उशीर झाला तर गेलेले परत येत नाहीत, म्हणून ते लगेच दाखवायला हवं. तिला तपासणीअंती अनुवांशिक विरळपणाच निघाला तर मिनॉक्सिडिलपासून सुरुवात होते. मूल होऊ शकेल अशा वयात फिनास्टेराइड तिच्यासाठी नाही. तुम्ही ते घेऊ लागलात तर तुटलेल्या किंवा चुरा झालेल्या गोळ्या तिच्या हाती लागणार नाहीत एवढं बघा.